डाव्या हाताचे स्टिअरिंग

नातवाला म्हटले, आमच्या गॅरेजात एक अ‍ॅमेझॉन होती.
तो म्हणाला, पार्सलवाली?
नव्हे रे. चार दरवाजांची, व्होल्वो कंपनीची,
राखाडी अंग, पांढरे छप्पर,
आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जाळी,
सर्दी झाल्यासारखी.

मागे पाटीवर नुसता आकडा: १२१.
अ‍ॅमेझॉन हे माहेरचे नाव, स्वीडनपुरते.
बाहेर ते दुसऱ्याच कुणी आधी घेऊन ठेवलेले.
दोतोर इव्हारिस्तो मात्र आमाझोना म्हणत,
अगदी मोठ्याने, भर डिचोलीच्या बाजारात.

साठ साली मुरगावला क्रेनने उतरवली तिला.
परतीला त्याच जहाजात
आमच्या डोंगराची लाल माती गेली असणार,
म्हणजे पुढची गाडी थोडी आमचीच,
असे बाबा म्हणायचे.
शाणू च्यारी. लोहाराचा नातू. त्यांना लोखंडाचा हिशेब कळे.

लोक बघायला आले ते इंजिन नव्हे, पट्टा.
डाव्या खांद्यावरून छातीवर, तिथून उजव्या कमरेला,
शिवाय एक मांड्यांवर आडवा.
दोतोर तो लावून बसले आणि म्हणाले,
बघ शाणू, आमच्या आजोबांच्या खापरपणजोबांनी
बाप्तिस्म्याला उतरवलेले जानवे
स्वीडनने परत पाठवले.
बाबा हसले नाहीत. त्यांनी वाकून नीट पाहिले.
सव्य आहे, म्हणाले. बरोबर आहे.
पलीकडच्या सीटचा मात्र उलटा.
उजवा खांदा, डावी कमर.

एकसष्टनंतर सुटे भाग येणे बंद.
बाबांनी बुश ओतले मोडक्या घंगाळाचे,
व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग कापली
दोतोरांच्या पोर्तच्या बुचांची.
इंजिन तापले की तिला गोड वास यायचा,
हे मी कुणाला सांगितले तर पटत नाही.

सदुसष्टचा जानेवारी.
मतदानाला दोघे त्याच गाडीतून गेले.
बाबा फुलाला, दोतोर दोन पानांना.
जाताना बोलत होते. येताना नाही.
दोन पाने जिंकली.
आठ दिवस बाबांनी गॅरेजची एकच फळी उघडली.
नवव्या दिवशी दोतोर आले,
कार्बोरेटर साफ करायला हवा, म्हणाले.
कार्बोरेटर साफच होता.
बाबांनी तो सगळा खोलला, पुसला, पुन्हा बसवला.
पैसे घेतले. दोतोरांनी दिलेही.

त्याच वर्षी सप्टेंबरात तो दूरचा देश
पहाटे पाच वाजता डावीकडून उजवीकडे गेला,
सगळ्या गाड्या, ट्रक, सायकली, एकदम.
दोतोर पेपर घेऊन धावत आले.
बारा वर्षांपूर्वी लोकांना विचारले होते म्हणे,
शंभरातल्या ऐंशींहून जास्त जण नको म्हणाले.
बाबा म्हणाले, मग विचारले कशाला?
दोतोर म्हणाले, बघ. आपली निदान मोजली तरी.
तेव्हा हसले बाबा.
फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच.

आमची मात्र राहिली तशीच:
डावा रस्ता, डाव्या हाताचे स्टिअरिंग.
ओव्हरटेक करायचे तर
उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून सांगायचे,
ये, ये, थांब, ट्रक, आता ये.
चालवणाऱ्याला दिसत नसे.
भरवसा ठेवावा लागे.
कित्येक वर्षे ते काम बाबांचे. मग माझे.

सत्तरला तिकडे ती बनणे थांबले.
इकडे कुणी तिला ते सांगितले नाही.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात दोतोर गेले.
त्यांना मातीत ठेवून परतताना
बाबा पहिल्यांदा डावीकडे बसले.
मी उजवीकडे. पट्टा ओढला.
उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला.
आमच्यात मुलींना जानवे नसते.
बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले.
अपसव्य, म्हणाले. असू दे. आज असाच असतो.

मग म्हणाले, बघ गं, पुढे ट्रक आहे का.